ढिल्या मानेचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. जुना, पण या घरात नवाच आलेला. छताला लावलेली एक वाकणारी पट्टी आणि तिच्यावर सरकणारे चार दिवे, एवढे आमचे कुटुंब. त्यातला खिडकीकडचा शेवटचा मी. स्वभावाने भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जन्म कारखान्यातला, पण लहानपण गेले बुधवार पेठेत, माधवरावांच्या दुकानात. तिथे मी नमुन्याचा दिवा होतो. येणारा प्रत्येक जण पट्टी वाकवून बघे, माझी मान पिरगळे आणि घेताना मात्र खोक्यातला नवा माल घेई. तीन वर्षांत माझी मान पार ढिली झाली. आता आपल्याला कोण घेणार, या काळजीने मी झुरत असे.

एका रविवारी सकाळी कोथरूडहून प्रियदर्शनीताई आल्या. सोबत त्यांचे सासरे, महिपतराव. खोक्यातला माल संपला होता, म्हणून त्यांची नजर आमच्याकडे गेली.

"घरात कोण कुठे बसतं, ते सांगा आधी," माधवराव म्हणाले.

"फोटोंची भिंत उठून दिसली पाहिजे," ताई म्हणाल्या.

"भिंत बसत नाही हो. माणसं बसतात."

ताईंनी ते हसण्यावारी नेले. "बाबा, तुम्हाला चालतील ना हे?"

"मला काय, कसेही चालतील," महिपतराव म्हणाले. आणि मित्रांनो, आम्ही पट्टीसकट विकले गेलो.

दुपारी वायरमन आला. जुनी ट्यूब उतरली, आम्ही चढलो. भर उजेडात आमच्या माना भिंतीकडे वळवल्या गेल्या. फोटो झळकले, शेजारीपाजारी बघून गेले. कौतुक कुणाला नको असते? मीही सुखावलो.

मग दिवेलागण झाली. बटण दाबताच महिपतरावांनी सवयीने हात जोडले, कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसले आणि इन्शुलिनचे पेन काढले. जेवणाआधी ते स्वतःच टोचून घेत. पेनवरचा आकडा मुंगीएवढा. त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, चष्मा पुसला. माझा सगळा उजेड लग्नाच्या फोटोवर सांडत होता आणि त्यांच्या हातावर अंधार होता.

"बाबा, दिसतंय ना?" स्वयंपाकघरातून ताईंनी विचारले.

"दिसतंय, दिसतंय."

दिसत नव्हते. पेन फिरवताना होणारा टक्-टक् आवाज ते मोजत होते. बारा आवाज म्हणजे इन्शुलिनचे बारा युनिट. रोज संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर मोजू लागलो. एखादा जास्त झाला आणि साखर एकदम उतरली तर? मी मनातल्या मनात खूप धडपडलो, पण मान ढिली असली तरी आपणहून तसूभरही वळेना.

नवव्या दिवशी नेमकी कुकरची शिट्टी झाली. "सात झाले की आठ?" ते पुटपुटले. अंदाजाने पेन फिरवत राहिले, मग थांबले. त्यांनी स्टूल ओढून माझ्याखाली आणले आणि एक पाय वर ठेवला. स्टूल डगमगले. मी टांगलेला होतोच, आता जीवही टांगणीला लागला.

नशीब, ते उतरले. काठी उचलून तिच्या टोकाने त्यांनी मला ढकलले. नवा दिवा जागचा हलला नसता. मी पहिल्याच धक्क्याला वळलो. उजेड थेट त्यांच्या हातातल्या पेनावर पडला. हवे होते बारा. पेनवर आकडा होता वीस.

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. "हा दिवा कुणी फिरवला?"

"मी. मला दिसत नव्हतं गं."

"कधीपासून?"

"हे दिवे आले तेव्हापासून."

ताईंनी पेनवरचा आकडा पाहिला, त्याच स्टुलावर बसल्या आणि पेन उलटे फिरवून आकडा बारावर आणला.

मित्रांनो, घरासाठी दिवे घ्याल तेव्हा ते संध्याकाळी लावून बघा, आणि घरातले म्हातारे माणूस जिथे बसते तिथे बसून बघा. ते "दिसतंय" म्हणाले, तरी एकदा त्याच्या हाताकडे बघा. लग्नाचा फोटो आता अंधारात असतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. महिपतराव आकडा नीट वाचतात, ताईही वाकून बघतात. रोज बाराच असतो. तरी मी मोजतोच.