इहुओमाची अकरा फडकी

अकुआदाच्या बाळंतपणातून न्वान्येकेला मिळायचं होतं ते असं: कमरेला गुंडाळायची चार छापील कापडं, सुक्या माशाचं एक भलंथोरलं मुंडकं, साबणाच्या लांब कांड्या, मिठाची पिशवी, आणि निघताना गळ्याला फासायची पांढरी पावडर. यातली कापडं कुणालाही बाजारात मिळतात. पावडरीचं तसं नसतं. पांढऱ्या गळ्यानं बाई बसमधून उतरली की अख्ख्या गावाला कळतं, ही बाळंतपण उरकून आली, हिच्या हाताखाली बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. न्वान्येकेला ती पावडर हवी होती.

मुलगी बाळंत झाली की आईनं येऊन राहायचं, तिचं पोट शेकायचं, तिला खाऊ घालायचं, याला आमच्याकडे ओमुग्वो म्हणतात. अकुआदाची आई इहुओमा ही न्वान्येकेची धाकटी बहीण. ती एकवीस वर्षांपूर्वी, अकुआदाच्या पाठच्या मुलाच्या वेळी, बाळंतपणाच्या आठव्या दिवशी वारली. तेव्हा तिच्या उशाशी न्वान्येकेच होती. पुढं गावात एवढी पोरं जन्मली, पण न्वान्येकेला कुणी बोलावलं नाही. कुणी तोंडावर काही बोललं असंही नाही. फक्त बोलावलं नाही. तिच्या स्वतःच्या दोन सुनांच्या वेळीसुद्धा आधी त्यांच्या आया येऊन राहिल्या, आणि हिची पाळी येईपर्यंत पोरं रांगायला लागलेली.

मग अकुआदानं फोन केला. "मावशी, आईच्या जागी तूच. दुसरं कोण येणार?"

आबा शहरातल्या आमच्या चाळीत समोरासमोर खोल्या, मधे अंगण आणि नळ. माझं शिवणयंत्र ओट्यावर असतं, त्यामुळे कोण काय घेऊन आलं आणि काय घेऊन गेलं ते मला न विचारता कळतं. न्वान्येके आली ती पोतं घेऊन. त्यात उदा नावाच्या मसाल्याच्या काळ्या शेंगा, तिखट बिया, धुरावलेले मासे, पाच कंद आणि धुऊन धुऊन पातळ झालेला एक टॉवेल.

"पोत्यात अर्धं गाव आणलंत की," मी म्हटलं.

"अर्धंच आणलंय. उरलेलं अर्धं मागून येऊन खाणारच आहे," ती म्हणाली. चाळीला बाई आवडली.

रोज सकाळी ती मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची. टॉवेल बुडवायचा, पिळायचा, अकुआदाच्या पोटावर ठेवून तळव्यानं दाबायचं. मग तिला कढत पाण्याच्या टोपावर बसवायचं. अकुआदाच्या किंकाळ्या माझ्या यंत्राच्या आवाजावरून ऐकू यायच्या.

"मावशी, मी माणूस आहे, कंद नाही!"

"कंद शिजताना एवढा ओरडत नाही. श्वास घे. जुनं रक्त आत राहिलं तर वर्षभर पोट घेऊन फिरशील. आणि नवरा विचारेल, आत अजून कोण आहे?"

इथपर्यंत सगळं चारचौघींसारखं. पण मी पाहणारी बाई. दुसऱ्या दिवसापासून काही गोष्टी जुळेनात. एक म्हणजे, कंदाचा तिखट रस्सा ती तीन वाडग्यांत वाढायची. एक अकुआदाला, एक स्वतःला, आणि एक दाराशी. तिसऱ्याला कुणी हात लावत नसे. दुपारी तो नळावर ओतला जायचा. दुसरं म्हणजे, दोरीवर फडकी वाळत घालताना ती मोजायची. मोजून झालं की परत पहिल्यापासून. बाळंतिणीची फडकी सगळ्याच बाया मोजतात. जितकं रक्त जाईल तितका शेकणारीच्या हाताला गुण, असं आम्ही धरून चालतो. पण मोजताना बाया खूश असतात. न्वान्येकेचा चेहरा राखेसारखा व्हायचा.

चौथ्या दिवशी अकुआदा मला म्हणाली, "ताई, मावशी टॉवेल ठेवते आणि मधेच हात थांबवते. दाराकडे बघून म्हणते, 'अजून नाही, अजून नाही.' कुणाला म्हणते?"

"म्हातारपण असेल," मी म्हटलं. खोटं बोलले. त्या दाराशी कुणी असलंच तर कोण असणार, हे मला ठाऊक होतं; इहुओमाबद्दल अकुआदानंच मला कधीतरी सांगितलेलं.

सहाव्या दिवशी दोरीवर नऊ फडकी होती. आदल्या दिवशी पाच. रक्त उतरणीला लागायच्या दिवसांत चढत होतं. न्वान्येके नळाशी एक फडकं नाकाजवळ धरून उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पाणी नुसतं वाहत होतं.

नेमकी तेव्हाच अकुआदाची सासू, ओयिरिदिया, फाटकातून आत आली. तिची ओमुग्वोला यायची पाळी पुढच्या महिन्यात, पण पाहणी आजच. न्वान्येकेकडून काही बिघडलं तर ती चार कापडं सासूच्या पदरात पडणार होती. तिनं बादली पाहिली, दोरी पाहिली, आणि मला वाटलं आता जीभ सुटणार. सुटली, पण उलट्या बाजूनं.

"अगंबाई! विहीणबाई, एवढं रक्त काढलंत? तुमच्या हाताला गुण आहे हो! गावात लोक काहीबाही बोलतात. मी आता एकेकीला सांगते." मग माझ्याकडे वळून, "शिंपीणबाई, इकडे या, बघा. याला म्हणतात शेक!"

एकवीस वर्षं जे वाक्य ऐकायला न्वान्येके थांबली होती, ते हेच. तेही विहिणीच्या तोंडून, साक्षीदार बोलावून.

आम्ही खोलीत गेलो. अकुआदा भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंग तापलेलं, ओठ पांढरे. "चक्कर येतेय," ती म्हणाली. खोलीत वास होता, सडलेल्या पानांसारखा. मी कमरेच्या कापडाचं टोक नाकाला लावलं.

"ओक्वुदिली, रिक्षा आण," न्वान्येके दारातून म्हणाली. "इस्पितळात न्यायचंय हिला."

अकुआदाचा नवरा उठला. त्याची आई आडवी आली. "कशाला? जुनं रक्त जातंय, जाऊ दे. तिथले लोक पोट फाडायलाच बसलेत. विहीणबाई, आत्ता तर हात बसलाय, आणि तुम्हीच घाबरता?"

ओक्वुदिली दोघींकडे बघत राहिला. आईपुढे त्याचं कधी चालायचं नाही. न्वान्येकेला आता गप्प बसता आलं असतं. शाबासकी पदरात होती, आणि पुढं काही झालं असतं तर विहिणीचा सल्ला साक्षीला होता.

तिनं दाराशी ठेवलेल्या तिसऱ्या वाडग्याकडे पाहिलं.

"इहुओमाची अकरा झाली होती," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी. मी मोजली. हाच वास होता. ती म्हणत होती, ताई, मला चक्कर येते. मी म्हटलं, येऊ दे, गुण येतोय. शेजारणींना बोलावून बादली दाखवली. आणखी कढत पाणी घातलं. संध्याकाळी ती गेली, तेव्हा फडकी केळीमागं पुरली आणि सांगितलं, कुणाची तरी नजर लागली. नजर नव्हती. मी होते."

अकुआदानं भिंतीकडचं तोंड हळूच इकडे वळवलं.

"किती म्हणालीस?"

"अकरा."

"माझी?"

"नऊ. आणि हे अंगाखालचं दहावं." मग ओक्वुदिलीवर ती इतक्या जोरात ओरडली की बाळ जागं झालं. "पळ रे! अकरावं व्हायच्या आत पळ!"

तो पळाला.

वारेचा तुकडा आत राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी तो काढला, दोन बाटल्या रक्त चढवलं, आणि कढत पाण्याच्या टोपाचं ऐकून कपाळाला हात लावला. आणखी एक दिवस घरी राहिली असती तर हाती लागली नसती, म्हणाल्या.

अकुआदा पाचव्या दिवशी घरी आली. त्याआधीच न्वान्येके रिकामं पोतं घडी घालून गेली होती. गळा कोरडा, पावडरीविना. ओयिरिदियानं फोनवरून गावाला सगळं सांगून टाकलं होतं, बस पोचायच्या आधी. फक्त 'पळ रे' तेवढं सांगितलं नाही.

अकुआदा मावशीविषयी बोलत नाही. मुलीला पाजते, स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघते, फडकी स्वतः धुते, स्वतः मोजते. पहिल्या दिवशी सासूनं रस्सा केला, तेव्हा तिनं तिसरा वाडगा मागितला.

"कुणाला गं?" सासूनं विचारलं.

"दाराशी ठेवा." दुसऱ्या दिवशी तिनं चौथाही मागितला. चौथा न्वान्येकेचा म्हणावा, तर ती जिवंत होती. तरी मी विचारलं नाही.

आता बेरीज. चार कापडं, माशाचं मुंडकं, साबण, मीठ आणि पावडर ओयिरिदियाला मिळाली. पांढरा गळा मिरवत ती परवा बसमध्ये चढली. अकुआदाला जीव मिळाला, तिच्या मुलीला आई. मी सहा दिवस ओट्यावरून तीच दोरी मोजत होते, आणि माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. किंमत चुकती केली ती दोघी बहिणींनी, धाकटीनं तेव्हाच, जिवानं, आणि थोरलीनं एकवीस वर्षांनी, भर दुपारी, विहिणीसमोर.