छातीइतक्या भिंती

साखराबाईला बीडच्या घराची धास्ती लागली ती आदल्या वर्षी ते सहा महिने रिकामं पडलं तेव्हापासून. घर तिच्या नवऱ्यानं, शहादेवनं घेतलेलं. कापसाच्या गाड्या हाकून हाकून त्यानं ते मिळवलं आणि कचेरीतल्या नोकरमाणसांना भाड्यानं देत राहिला. मानमोडीच्या साथीत तो गेला. लिंबागणेशची जमीन दीर त्रिंबककडं राहिली आणि साखराबाईच्या नावावर एवढं एक घर उरलं. भाडं येत होतं तोवर ती दिराच्या घरात ताठ मानेनं जेवायची. भाडं थांबलं तेव्हा जाऊ तोंडानं काही बोलली नाही. पण भाकरी वाढताना तिच्याकडं बघायची बंद झाली.

पुढं राधाकिशन नावाचा तहसील कचेरीतला कारकून भाडेकरू म्हणून आला आणि गाडं रुळावर आलं. तरी धास्ती गेली नाही. नोकरमाणूस तो, आज इथं, उद्या बदली. घरामागं मोकळं परस होतं. तिथं दोन खणांची एक खोली काढावी, तिला बोळाकडून वेगळं दार ठेवावं आणि दुसरा भाडेकरू बसवावा, असं साखराबाईच्या मनानं घेतलं. एक गेला तरी एक राहील.

"वैनी, त्यापरीस घरच इकून टाका," त्रिंबक म्हणाला. "त्या पैशात रान घिऊ."

रान कुणाच्या नावावर होईल ते साखराबाईला ठाऊक होतं. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या, लाकडं घेतली आणि दिवाळी झाल्यावर बीड गाठलं. बांधकामाच्या इजाजतीची उर्दूतली दरखास्त राधाकिशननंच लिहून दिली. त्याची बायको शिवकन्या अबोल, नाजूक. लग्नाला पाच वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले. "मावशी, तुमी ओसरीवर खुशाल ऱ्हावा," एवढंच ती म्हणाली आणि सतरंजी आणून दिली.

मार्गशीर्षात एका सकाळी सटवा गवंड्यानं पायाची पहिली कुदळ उचलली. शिवकन्या त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात आली. तांब्या ठेवायला वाकली आणि तोंडावर पदर दाबून परसातल्या कडुलिंबाच्या आडोशाला पळाली. तिला ओकारी झाली. सटवाची पाठ होती, त्यानं काही बघितलं नाही. साखराबाईनं बघितलं.

घरात बाई पोटुशी असली की जमीन खांदू नये, भिंत घालू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. विचारायला एक शब्द पुरला असता. पण लाकडं येऊन पडली होती, पाटल्या मोडल्या होत्या आणि कुदळ वर होती. पित्त झालं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"हाण," ती सटवाला म्हणाली.

त्यानंतर तिला धड झोप लागली नाही. दगडी पाया झाला आणि त्यावर मातीची भिंत चढू लागली. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालता येत नाही, त्यामुळं काम सावकाश चाललं होतं. रोज उठल्यावर साखराबाई आधी शिवकन्येचं चालणं बघायची आणि मग भिंत. पौषात शिवकन्येनं लुगड्याच्या निऱ्या वर खोचल्या. आता पित्ताचं नाव सांगता येईना. तरीही नवरा-बायको काही बोलले नाहीत आणि साखराबाईनंही विचारलं नाही.

माघात राधाकिशनची आई कौशल्याबाई सुनेचं बघायला तेलगावहून आल्या. गाडीतून उतरल्या, पाय धुतले आणि मागच्या दारात गेल्या. तिथं छातीइतक्या भिंती उभ्या होत्या.

"हे कवापासून चाललंय?"

"मार्गशीर्षापासून," साखराबाई म्हणाली.

"सून भरल्या पोटाची, आन् तिच्या पाठीमागं पाया खांदलाव?"

"मला कुणी सांगितलं न्हाई, कौशल्याबाई."

सांगितलं कुणी नव्हतं, हे खरं होतं. कौशल्याबाईंनी तिच्याकडं टक लावून बघितलं तेव्हा साखराबाईनं मान वळवली आणि सटवाला उगीच काहीतरी हाक मारली.

दिवेलागणीला राधाकिशन कचेरीतून आला. आईनं त्याला आत नेलं. बऱ्याच वेळानं तो ओसरीवर येऊन उभा राहिला, खाली बघत.

"मावशी, बाळंतपण होईस्तोवर काम बंद ठिवा. आई ऐकत न्हाई. न्हाईतर आमी दुसरं घर बघतो."

सटवाला सांगितलं तर तो चिडला. "कावून थांबायचं, आक्का? चैतात मला वडवणीला काम हाय, धनी वाट बघतोय. भिंती अशा उघड्या टाकल्या तर पावसात चिखल व्हईल, सांगून ठिवतो. आन् अर्ध्यात सोडलेलं बांधकाम तरी चांगलं असतंय व्हय?"

साखराबाईला काही सुचेना. थांबावं तर खोली जाते; न थांबावं तर भाडेकरू जातो, घर पुन्हा रिकामं पडतं आणि त्रिंबक म्हणतो तसं होतं. दोन दिवस सटवा येऊन लिंबाखाली बसायचा आणि तिच्या तोंडाकडं बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी कौशल्याबाई देवळात गेल्या होत्या. शिवकन्या सुपात गहू घेऊन ओसरीवर आली आणि साखराबाईजवळ बसून निवडू लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "मावशी, खरंच होतंय का ओ तसं?"

"कसं?"

"भिंतीपायी."

साखराबाईची दोन लेकरं चालायला लागायच्या आत गेली होती. ती कुणाजवळ त्यांचं नाव काढत नसे. आज म्हणाली, "माझी दोन गेली बाई. तवा आमच्या दारात कुणी कुदळ मारली नव्हती."

"मग कावून गेली?"

शिवकन्येचा हात सुपात तसाच थांबला होता. या पोरीला काही झालं तर ती जन्मभर ह्या भिंतीकडं बोट दाखवील, आणि आपल्याला तिला खोटं म्हणता यायचं नाही, एवढं साखराबाईला स्वच्छ दिसलं. ती उठली, परसात गेली आणि सटवाला म्हणाली, "सामान भर. बंद काम."

सटवा वडवणीला निघून गेला. साखराबाईनं भिंतींवर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर दगड ठेवले. लिंबागणेशला परत जायचं तोंड नव्हतं. ती ओसरीवरच राहिली आणि आभाळाकडं बघत दिवस काढू लागली.

फाल्गुन संपता संपता एका दुपारी अंधारून आलं. आधी वारा सुटला, पेंढ्या उडाल्या. साखराबाई दगड घेऊन धावली, पण तोवर गारा पडू लागल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. डोक्यावर पाट धरून ती मागच्या दारात उभी राहिली. भिंतीच्या माथ्यावरून माती ओघळताना दिसत होती. थोड्या वेळानं बोळाकडची भिंत पोटातून फुगली आणि धाडकन आडवी झाली.

त्या आवाजासरशी स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. शिवकन्या चुलीपुढं पोट धरून बसली होती. सातवा महिना होता.

राधाकिशन कचेरीतून नुकताच भिजून आला होता. तो तसाच गारांतून सुईण आणायला पळाला. भिवराबाई सुईण आली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

ओसरीवर दोघी बायकाच राहिल्या. राधाकिशन दाराबाहेर पावसातच येरझारा घालत होता. आतून शिवकन्येचं कण्हणं ऐकू यायचं, मग थांबायचं. थांबलं की जास्त भीती वाटायची. कौशल्याबाईंच्या हातात माळ होती, पण मणी सरकत नव्हता.

साखराबाईला राहवलं नाही. "मला ठावं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिशीच. पोरगी लिंबामागं ओकली, मी बघितलं. तरी सटव्याला हाण म्हणलं."

आता ही आपल्याला घालूनपाडून बोलेल, शाप देईल, म्हणून साखराबाई अंग चोरून बसली. कौशल्याबाईंनी माळ मांडीवर ठेवली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या लेकालाबी ठावं होतं. तरी त्यानंच तुमाला इजाजतीचा कागद लिहून दिला. लोकांत सांगायची लाज वाटली म्हणं. मी त्याला तरी काय म्हणू?"

पाऊस थांबला. पागोळ्या गळत होत्या. दिवे लागायच्या सुमाराला भिवराबाईनं दार उघडलं.

"कळा थांबल्यात. ह्या खऱ्या कळा न्हाईत. पर पोरीला उठू देऊ नका, जड उचलू देऊ नका." हात धुता धुता तिनं मागं बघितलं. "ती खोली कुणाची?"

"माझीच. भाड्यानं द्यायची होती."

"भिंत तर पडली की."

"पडली," साखराबाई म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

पुढचे दोन महिने घरात कुणी मोठ्यानं भांडंसुद्धा ठेवलं नाही. शिवकन्येनं कूस बदलली तरी तिघं कान टवकारत. साखराबाईनं पाणी, धुणं, दळण सगळं अंगावर घेतलं. वैशाखात शिवकन्या बाळंत झाली. मुलगी झाली, हातभर, काळीसावळी. आधी रडेचना. भिवराबाईनं तिला उलटी धरून पाठीवर थापटलं, तेव्हा बारीकसा आवाज निघाला आणि मग तो थांबेचना.

बारसं झाल्यावर साखराबाई बाजाराच्या दिवशी वडवणीला गेली. सटवा एका घराच्या ओट्यावर काम करत होता. "मला सवड न्हाई, आक्का," तो म्हणाला. ती काही न बोलता त्याच्या ओट्याच्या कडेला बसली आणि दुपार कलली तरी उठली नाही. शेवटी सटवानं थापी खाली टाकली. "पंधरा दिस. त्याच्यावर एक दिस न्हाई."

ऊन कडक होतं, थर भराभर वाळत होते. पडलेली भिंत पुन्हा उभी राहिली. तुळया चढल्या, छताच्या माळवदावर माती पडली. राधाकिशननं सुट्टीच्या दिवशी स्वतः घमेली वाहिली. कौशल्याबाई नातीला मांडीवर घेऊन मागच्या दारात बसायच्या; काम बघायच्या, बोलायच्या नाहीत.

आणि भाद्रपदात राधाकिशनच्या बदलीचा हुकूम आला. माजलगाव.

ज्यांच्यासाठी काम थांबवलं तेच निघाले होते. पण साखराबाईला राग आला नाही. निघताना शिवकन्येनं पोर तिच्या ओटीत दिली, आणि साखराबाई तिला बराच वेळ खाली ठेवू शकली नाही.

कौशल्याबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "तुमी थांबलाव म्हणून जगली पोर."

तसं असेल का, साखराबाईला कळत नव्हतं. तिनं पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं आणि तिला शिवकन्येच्या हातात दिलं.

गाडी वळणाआड गेली. मोठं घर रिकामं झालं होतं. साखराबाई दारातच उभी राहिली. तेवढ्यात बोळाकडून कुणीतरी कडी वाजवली. भिवराबाई होती. डोक्यावर बोचकं, काखेत घागर आणि मागं सामानाची हातगाडी.

"ती मागची खोली अजून कुणाला दिली न्हाई ना?" तिनं विचारलं. साखराबाईनं नकारार्थी मान हलवली. "मग मला सांगा, चूल कुठल्या कोपऱ्यात मांडू?"