लाल नाडीची पिशवी

चर्चच्या व्हरांड्यात तेवीस पिशव्या होत्या. एकोणीस पांढऱ्या, तीन खाकी आणि एक जुन्या परकराच्या कापडाची. सुप्रभाने त्या दोनदा मोजल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेला तराजू पुढे ओढला. भात चुलीवर चढवताना प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने पिशवीत टाकी, महिनाअखेर तो गरिबांसाठी इथे येई. वजन करून लिहायची कल्पना सुप्रभाचीच.

"तराजू आणलास, आता रेशन दुकानाचं लायसन्सही काढ," मंडळीतली अंबा म्हणाली.

"अंदाजाने लिहिण्यापेक्षा बरं."

एकाच घरच्या दोन पिशव्या शेवटी आल्या. निळ्या नाडीची सुप्रभाची स्वतःची, एक किलो तीनशे वीस ग्रॅम. लाल नाडीची तिच्या थोरल्या जावेची, शेषम्माची, एक किलो नऊशे पन्नास. दोघी एक दिवसाआड दोन्ही वेळचा स्वयंपाक करत, म्हणजे महिन्याला प्रत्येकीच्या तीस मुठी. एका मुठीत सुप्रभाचे चव्वेचाळीस ग्रॅम, शेषम्माचे पासष्ट. सुप्रभाने हात मिटून पाहिला. शेषम्माच्या बांगड्या तर तिच्या हातात चढतही नसत, इतका शेषम्माचा हात लहान.

सासूबाई हिराबाई आकडे ऐकून म्हणाल्या, "सुगीच्या सणाला आपल्या घरची पिशवी वेदीवर शेषम्माच ठेवील."

"अम्मा, मागच्या वर्षीही अक्कानेच ठेवली."

"तू शिकलेली. पंधरा दिवसांनी बायकांपुढे वचनावर बोलायचंय ना तुला? ते कर गे."

वचन काइन आणि हाबेलाचं होतं. दोघा भावांनी अर्पण आणलं. देवाने एकाचं पाहिलं, दुसऱ्याचं नाही. सुप्रभाने तमिळ बायबलातलं ते पान तीनदा वाचलं. काइनाने काय कमी आणलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. समोरच्या घरातून नव्या केबलवरची गाणी ऐकू येत होती. तिने उठून खिडकी लावली. घरातल्या सगळ्यांच्या तांदळाच्या डब्यातून उदार व्हायला अक्काला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी शेषम्माची पाळी होती. सुप्रभाने तराजू घरी आणला होता; सकाळी स्वयंपाकाआधी आणि रात्रीचा भात चढल्यावर असा दोनदा तिने तांदळाचा डबा तोलला. डबा अठराशे ग्रॅमने कमी झाला होता. दोन वेळचं माप नऊशे-नऊशे; मुठींसाठी काहीच गेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या दिवशी अठराशे अठ्ठ्याऐंशी. चार दिवस तिने हेच केलं. आकडे हलले नाहीत.

म्हणजे अक्का बाहेरून तांदूळ आणून पिशवी भरते! त्या दिवशी सुप्रभा दोनदा भात वाढून घेऊन जेवली. बायकांपुढे हे कसं बोलायचं, त्याची वाक्यंही तिने जुळवली.

फक्त डोळ्यांनी पाहायचं राहिलं होतं. शेषम्माच्या पुढच्या पाळीला ती पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. शेषम्माने माप पातेल्यात ओतलं, मग पातेल्यातच हात घातला आणि बोटांतून सांडेपर्यंत मूठ भरून लाल नाडीच्या पिशवीत टाकली.

"अक्का, मापातलाच काढतेस? कमी नाही पडत?"

"कुणाला?" शेषम्मा हसली. "सगळ्यांचं झाल्यावर मी बसते की. उरला तर भात, नाहीतर पेज-कांजी. तू काय मोजतेस गे सारखं?"

सुप्रभा पाणी न पिताच बाहेर आली.

सभेच्या दिवशी तिने वचन वाचून दाखवलं आणि वही उघडली. वहीत आकड्यांखेरीज काही नव्हतं. शेषम्मा मागे, दाराजवळ बसली होती. कुणाचं तरी रडणारं मूल तिने मांडीवर घेतलं होतं.

"मग देवाने काइनाचं का घेतलं नाही?" अंबाने विचारलं. "सांग की, शिकलेली बाई!"

हिराबाईंनी मान वर केली.

"लिहिलेलं नाही," सुप्रभा म्हणाली आणि वही मिटून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पाळी तिची होती. तिने माप पातेल्यात ओतलं, पातेल्यातूनच मूठ भरली आणि पिशवीत टाकण्याआधी तराजूच्या पारड्यात सोडली. अठ्ठावन्न. तिने पातेल्यातले आणखी दाणे घातले. पासष्ट. दारात कुणी नव्हतं. तिने दुसऱ्या पारड्यात एक ग्रॅमचं वजन ठेवलं आणि पातेल्यात पुन्हा दोन बोटं घातली.

पारडी सारखी झाली. सहासष्ट ग्रॅम.