दम कुणी तोडला?

अंबडला आमच्या घराचा ओटा शाळेच्या मैदानाला लागून होता. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून दहाएक वर्षं होती, आणि रोज संध्याकाळी पोरं तिथे हुतुतू खेळत. माझी उमाआत्या, माझ्या वडिलांची म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, सुपात तुरीची डाळ घेऊन ओट्यावर निवडायला बसे. निवडते कसली! तीच डाळ चार दिवस पुरायची, कारण डोळे सगळे खेळाकडे. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. देवळाशिवाय तिचं कुठे जाणं नव्हतं, कुणाच्या कार्याला बोलावणं नव्हतं. दिवसातली तेवढी एक संध्याकाळ तिची होती. आज ते मैदान राहिलं नाही, तिथे दुकानं झाली. पण त्या बाजूनं गेले की तांबडं लुगडं नेसलेली, पुढे झुकून बघणारी आत्या मला अजून दिसते.

जालन्याच्या मस्तगड भागातली पोरं येऊन आमच्या शाळेला दोनदा हरवून गेली. हरलेल्याला कारण लागतंच. नाचता येईना अंगण वाकडं, तसा या शहाण्यांना आमचा ओटा वाकडा दिसला. आमच्या पोरांचा म्होरक्या धर्मराज, वाटूरकडच्या पाटलाचा मुलगा. तो अण्णांपुढे मान खाली घालून उभा राहिला.

"राग नका मानू, मास्तर. चढाईला निघालं का समोर आत्याबाई दिसतात. मंग दम टिकून न्हाई राह्यला. त्यांना आत बसायला सांगा ना."

आत्या दाराशीच होती. तिनं सूप उचललं आणि आत गेली. ते सूप धर्मराजाच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं.

अण्णा शाळेत सायन्स शिकवत, तेही उर्दूतून. प्रयोगाला तिथे तजरबा म्हणत. ते चिडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. शांतपणे म्हणाले, "म्हणता ना? मग तजरबा करू. खरं निघालं तर उमा पुन्हा ओट्यावर बसणार नाही. खोटं निघालं तर तुम्ही स्वतः तिला बोलवायला यायचं."

बहिणीचं एकुलतं सुख असं पणाला लावणारा भाऊ मी दुसरा पाहिला नाही.

तजरबा साधा होता. मधल्या रेषेपासून एकेकानं हुतुतू म्हणत कुंपणाकडे चालायचं, आणि दम तुटेल तिथे चुन्याची खूण करायची. वेळ तीच, चाल तीच, खाऊन कुणी यायचं नाही. चुन्याची पाटी माझ्या हातात, आणि लक्ष ठेवायला शाळेचा शिपाई रामकिसन. पहिल्या दिवशी ओटा रिकामा होता. खुणा पार कुंपणापाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी आत्याला बळेच ओट्यावर बसवलं, आणि एकूण एक खूण अलीकडे पडली.

"बघा मास्तर, बराबर निघालं का न्हाई?" धर्मराज म्हणाला.

आत्या त्या पांढऱ्या खुणांकडे बघत राहिली. मग अण्णांना म्हणाली, "लोक नुसतं म्हणत होते, दादा. तू चुन्यानं लिहून दिलंस."

त्या रात्री ती जेवली नाही. मी अण्णांशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पोरांना मैदानावरच बसवून विचारलं, "काल काय बदललं होतं?"

"आत्याबाई आल्त्या."

"आणखी?"

शेवटी मागून बद्रीनाथ नावाचा एक मुलगा म्हणाला, "त्या बसल्यात हे आमाला ठावं होतं."

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्या. उमा आली, आणि ती आल्याचं तुम्हाला कळलं. मग दम कुणी तोडला ते कसं ठरवणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची." एवढं बोलून त्यांनी आणखी दोन दिवस मोजायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी ओटा रिकामा होता, ओट्यावरची खिडकी बंद. खुणा पुन्हा कुंपणापाशी. पुढच्या संध्याकाळी रामकिसननं सांगितलं, मास्तर कचेरीत गेलेत. ओट्यावर तांबडं लुगडं डोक्यावरून घेऊन आत्या पाठमोरी बसलेली. एकेकाचा दम अलीकडेच तुटायला लागला, धर्मराजाचा तर निम्म्यातच. शेवटचा मुलगा थांबला तसा ओट्यावरचा पदर खाली आला आणि आतून अण्णांच्या मिशा निघाल्या. पोरं हसायचंसुद्धा विसरली.

"उमा दुपारपासून देवीच्या टेकडीवर आहे," अण्णा म्हणाले. "आणि काल ती या बंद खिडकीच्या फटीतून तुमच्या एकेकाला बघत होती. काल का नाही दम तुटला?"

धर्मराज जाऊन आपल्या निम्म्यातल्या खुणेवर उभा राहिला. मग म्हणाला, "आमचा दम आमीच तोडून राह्यलो, मास्तर."

मस्तगडवाले पुन्हा आले त्या दिवशी सगळी पोरं आमच्या दाराशी आली. आत्या काही बाहेर येईना. आतूनच म्हणाली, "तजरबा खरा रे. पण आज हरलात तर?"

"हरलो तर हरलो. तुमी बसा बिलकुल."

ती आली, पण ओट्याच्या टोकाला अंग चोरून बसली. बघायला निम्मं गाव लोटलं होतं.

आणि हरले की! शेवटच्या चढाईत धर्मराज पकडला गेला आणि रेषेपासून हातभर अलीकडे त्याचा दम सुटला. मोठ्या माणसांच्या नजरा हळूहळू ओट्याकडे वळल्या. आत्या पदर सावरत उठली.

धर्मराज धुळीनं माखलेला, तसाच थेट ओट्यापाशी आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आत्या, आज माझाच दम कमी पडला. पाणी द्या."

आत्यानं तांब्या भरून आणला. त्यानं तो तिच्या हातून घेतला, गावाकडे तोंड केलं आणि घटाघटा प्यायला. मागोमाग बद्रीनाथनं ओंजळ पुढे केली, मग सगळ्यांनीच. आत्या रडत होती आणि पाणी घालत होती. मीही रडले, आणि आज सांगतानाही डोळे भरून येतात. पोरं पांगली, दिवेलागण झाली. आत्या आत गेली नाही. त्या रिकाम्या मैदानाकडे बघत, मांडी ऐसपैस घालून ओट्याच्या मधोमध बसून राहिली.