माणसाले कोर्ट हाये

'कैद' हा शब्द ऐकला आणि भागीरथेनं कोर्टाच्या व्हरांड्यातच पदर तोंडाला लावला. पोरगी जाऊन सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत तिला धड रडताही आलं नव्हतं. आता रडावं म्हणून ती भिंतीला टेकली, तेवढ्यात वकिलाचा कारकून आला आणि त्यानं तिला निकाल समजावून सांगितला. कैद झाली होती, पण कोर्ट उठेपर्यंतची. म्हणजे साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत आरोपीनं कोर्टाबाहेर जायचं नाही. साहेब उठले की आरोपी सुटला. वर थोडा दंड होता, तो ठेकेदारानं आधीच भरून टाकला होता.

"म्हंजे आजच सुटन?" तिनं विचारलं.

"हाँ बाई, आज ही. शाम तक."

भागीरथा तिथंच फतकल मारून बसली. एवढीशीच कैद असेल तर ती पुरती डोळ्यांनी पाहायची, असं तिनं ठरवलं. आत बाकावर आरोपी तेजराम बसला होता. त्यानं दोनदा पाणी मागितलं. एकदा खिशातून फुटाणे काढून खाल्ले. एकदा त्याची मान लवंडली, तेव्हा शिपायानं त्याला कोपरानं ढोसून जागं केलं. साडेचारला साहेब उठले, तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. तेजरामनं चपला घातल्या आणि मान खाली घालून तो तिच्या समोरून निघून गेला. कायद्याच्या पुस्तकात अशा गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे म्हणतात. साहेबांनी त्यातली एक दुपार तेवढी काढून दिली.

भागीरथा भंडाऱ्याकडची. नवरा गेल्यावर, भिलाईला कारखाना बांधतात आणि बायांनाही काम देतात असं ऐकून ती पोरीला घेऊन आली. दोघी रेजा म्हणून लागल्या, गिट्टी वाहायला. मथुरा एकोणीस वर्षांची, दांडगी आणि तोंडाळ. डोक्यावर भरलेलं घमेलं असताना मुकादमाशी भांडायची आणि घमेल्यातला एक खडा सांडू द्यायची नाही. आई तिला शिव्या घालायची आणि मनातून फुगायची.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाया रस्त्याच्या कडेला बाभळीखाली भात खात बसल्या होत्या. भागीरथा लोटा घेऊन नळावर गेली होती. गिट्टीचे दोन ट्रक शर्यत लावून आले. जास्त खेपा करील त्याला ठेकेदार शाबासकी द्यायचा, म्हणून ड्रायव्हर रोजच जिवावर उदार होऊन पळवायचे. जीव मात्र दुसऱ्याचा. तेजराम मोहाची पिऊन होता. पुढच्या ट्रकला गाठायला त्यानं गाडी रस्त्याखाली घातली ती सरळ बाभळीपर्यंत. बाकीच्या बाया उठून पळाल्या. मथुरा जेवणाचा डबा आवरत होती. भागीरथा धावत आली तेव्हा तिच्या हातातल्या लोट्यात पाणी तसंच होतं आणि ते पाजायला कोणी उरलं नव्हतं. दारूचा वास तिथं शंभर माणसांनी घेतला. कागदावर मात्र तो उतरला नाही.

निकालानंतर ती जातीच्या पंचांकडे गेली. मजुरांच्या कॅम्पातल्या झोपड्यांत गावाकडची पन्नास-साठ घरं होती. त्यांची भांडणं, सोयरिकी, सुतक-सोहळे सारं दौलतराव बघायचे. त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची छाती नव्हती. तेजरामही जातीतलाच. पंचांना जमायला दीड महिना लागला. एकाची ड्यूटी, दुसऱ्याचं लग्न, तिसऱ्याचं पोट बिघडलेलं.

"मले त्याले जेलात नाई टाकाचं, दौलतरावजी," भागीरथा म्हणाली. "त्याच्या हातून गाडी तेवढी काढून घ्या. बस. उद्या दुसऱ्या कोनाची पोट्टी राहीन तिथं बसून."

दौलतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखरच डोळे पुसले. मग म्हणाले, "बाई, माणसाले कोर्ट हाये. कोर्टानं त्याले सजा देल्ली. आता एका गुन्ह्याले आमी दुसरी सजा कशी द्यावी? अन् गाडी काढून घेतली तं त्याचे लेकरं का खातीन?"

"अन् माही लेकरू?"

पंचांनी पानसुपारी वाटली आणि बैठक उठली. तेजराम सोमवारपासून पुन्हा गाडीवर गेला. भागीरथा घमेलं घेऊन रस्त्याकडेला उभी असली की दिवसातून दहादा त्याचा ट्रक तिच्या अंगावर धूळ उडवून जायचा. ती तोंड फिरवायची. संध्याकाळी अंघोळ केली तरी ती धूळ गेली असं तिला वाटायचं नाही.

पौषातली सकाळ. भागीरथा दारात तांदूळ निवडत होती. कोणी तरी हंबरलं. मोकाट जनावर असेल म्हणून तिनं हाताला लागलेली काठी घेतली आणि वर पाहिलं, तर समोर तेजराम. गळ्यात जनावराचं दावं, अनवाणी पाय, वाढलेली दाढी, हातात मातीचं भांडं. तो पुन्हा हंबरला आणि त्यानं भांडं पुढं केलं.

गावाकडे तिनं हे लहानपणी पाहिलं होतं. ज्याच्या हातून गाय मरते त्यानं गळ्यात दावं बांधून, एक शब्द न बोलता, दारोदार हंबरत भीक मागायची. जातीत याच्यापेक्षा मोठं प्रायश्चित्त नाही. पण तेजरामच्या हातून तर मथुरा गेली होती. भागीरथेच्या डोक्यात दुसरं काही येईचना. उशिरा का होईना, पंचांना लाज वाटली होती. माणसाची सजा त्यांच्याकडं नव्हती, म्हणून त्यांनी असेल नसेल ती सर्वांत मोठी सजा मथुरासाठी दिली होती! सुपातले सगळे तांदूळ तिनं त्याच्या भांड्यात ओतले.

"घे बाबू, घे," ती रडत म्हणाली. दहा महिन्यांनी पहिल्यांदा ती अशी रडली. "माह्या मथुराचा जीव शांत झाला. तुह्यावर आता माहा राग नाई."

तेजराम मान हलवायला लागला. नाही, नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं.

शेजारची सिंधुताई धावत आली आणि तिनं भागीरथेचा दंड धरला. "बाई, कावून रडून राहिली वं? ते मथुराचं नोहे. रसमड्याच्या रस्त्यावर गाभण गाय आली त्याच्या गाडीखाली. तिसऱ्या दिवशी पंच बसले. सव्वा महिना देल्ला त्याले. अन् गाडीले आता जन्मात हात लावाचा नाई, असं ठरवलं."

जन्मात हात लावायचा नाही. भागीरथेनं पदर पसरून मागितलं होतं ते हेच होतं, अगदी एवढंच. ते गायीला न मागता मिळालं.

तिनं तेजरामच्या गळ्यातलं दावं धरलं आणि हिसडा दिला. "माही पोट्टी गाईपेक्षा हलकी होती का? बोल! तोंड उघड! माह्या दारात हंबरतं, अन् तिच्या नावानं एक शब्द नाई?"

"सोड वं बाई, त्याले बोलाचं नाई," सिंधुताई ओरडली. गल्लीत माणसं जमली. तेजरामनं ओठ घट्ट मिटले होते. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि आतून माणसाचा आवाज आला.

"मावशी, मी गेल्तो पंचायकडे. मथुराच्या खेपेले. मले दावं बांधा म्हनलं, गाडी सोडतो म्हनलं. ते म्हनले, माणसाचं असं काई नसते. घरी जाय."

दावं तिच्या हातातून सुटलं. ज्याच्यावर दहा महिने राग धरून ती जगली, तोही सजा मागत फिरत होता आणि त्यालाही कोणी दिली नव्हती. आता राग कोणावर धरायचा, हेही तिला कळेना.

त्याच संध्याकाळी पंच बसले. या वेळी कोणाचं पोट बिघडलं नाही. तेजराम बोलला, व्रत मोडलं, म्हणून त्याचा सव्वा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला. आणि गोहत्येचं दावं ओढून प्रायश्चित्तातल्या माणसाला बोलायला लावलं, हे पाप भागीरथेचं ठरलं. सव्वा महिना तिच्या हातचं पाणी कोणी घ्यायचं नाही आणि तिला पंगतीला बसवायचं नाही.

"बाई, काई म्हनाचं हाये?" दौलतरावांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊच होता.

भागीरथा उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"मान्य हाये," ती म्हणाली. "मथुरापायी कोनाले तं सजा झाली."

पंचांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी पुढचं प्रकरण घेतलं.