काळ्या दोऱ्याचे पेले

“पायरीखाली बस गं! सतरंजीवर कुणी बोलिवलंय तुला?” बालवाडीच्या भामाबाईंनी विशाखाचा दंड धरून तिला ओट्यावरून खाली खेचलं.

कोपऱ्यावरून तिची आई शेवंता बघत होती. कराडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, नवरा पलटणीत, म्हणून माहेरीच राहिलेली. लेकीला बालवाडीत सोडलं तरी तिचा पाय घराकडे वळत नसे. कडेगावजवळच्या या गावातली बालवाडी सरकारी, दूध सरकारी, ॲल्युमिनियमचे कानवाले पेलेही सरकारी, सगळे एकसारखे. बौद्धवाड्यातल्या पोरांच्या पेल्यांच्या कानांना तेवढा भामाबाईंनी काळा दोरा बांधला होता. ते पेले शेवंतानं बाहेर राखेनं घासायचे. लहानपणी तिला इथं पेलाही नव्हता. वरून ओतायचे, ती ओंजळीनं प्यायची.

ती ओट्याशी आली. आठ दिवस जिभेखाली धरून ठेवलेलं आज बाहेर काढलं.

“बाई, मागल्या सोमवारी तुमी मिसरी लावत बसला हुता, तवा मी दोरे सोडले. दुसऱ्या पेल्यांना बांधले.”

“म्हंजे?”

“म्हंजे हंबीररावांचा नातू आठ दिस माझ्या विशूच्या पेल्यातनं दूध पितोय. लय मानवलंय की त्याला!”

“आगं बया बया!” भामाबाई तशाच हंबीररावांच्या घराकडं पळाल्या.

संध्याकाळी चावडीपुढं उसाचं पाचट पेटलं. “इस्तवातनं काढलं की भांडं शुद्ध हुतंय,” म्हणत गावकारभारी हंबीररावांनी सगळे पेले जाळात टाकले. पितळेला तो रिवाज सोसला असता. हे पेले काळे पडले, वाकले. दोरे तर आधीच जळाले.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून तपासणीच्या बाई आल्या.

“आग लागली हुती, बाईसाहेब,” हंबीरराव म्हणाले.

“नुसत्या पेल्यांना?”

शेवंतानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाव घेऊन, हंबीररावांच्या तोंडाकडं बघत. सांगताना तिला गोड लागत होतं.

तपासणीच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “सगळी मुलं सतरंजीवर. याच पेल्यांत दूध द्या, माझ्यासमोर.”

भामाबाईंनी दूध ओतलं. विशाखा हंबीररावांच्या नातवाला खेटून बसली. तिच्या पेल्याला कानाजवळ फट पडली होती. दूध ठिबकू लागलं तशी तिनं खाली ओंजळ धरली.

ती ओंजळ बघून शेवंताचं गोड तोंड कडू झालं. ती ओटा चढली, लेकीशेजारी बसली आणि फटीवर आपलं बोट दाबून धरलं.

“हात काढ, विशू. पेला धर. पी आता.”