पेन्सिलीसारखी गुठळी

खिएमने ओकलेल्या रक्ताची गुठळी पेन्सिलीएवढी लांब आणि तशीच गोल होती.

मागच्या खेपेस रक्त आले तेव्हा दुसऱ्या इस्पितळात अल्सर समजून त्याचे अर्धे जठर कापून टाकले होते. कापलेल्या भागात अल्सर सापडला नाही. आता तो व्हिएतनाममधल्या नामदिन्ह शहराच्या इस्पितळात होता. आधी उजव्या बरगडीखाली कळ, मग डोळ्यांत पिवळी झाक, मग रक्त. सारे त्याच क्रमाने पुन्हा सुरू झाले होते. त्याची बायको थोआ हिच्या मनात एकच भीती ठाण मांडून होती: आता कापायला उरले काय?

डॉक्टर क्वी यांनी गुठळी चिमट्याने उचलून उजेडात फिरवली.

"जठरात रक्त साकळलं तर त्याचा गोळा होतो, बाई. अशी कांडी नळीतच तयार होते."

"कसली नळी?"

"यकृतातून पित्त आणणारी. घरी काय पाजत होतीस?"

"ब्राह्मीचा रस. कच्चाच. लग्न झाल्यापासून देते. यकृत थंड राहतं ना त्यानं! आमच्याच वाफ्यातली पानं."

"वाफ्याला खत कसलं?"

थोआ खाटेवरची चादर सारखी करू लागली. खाटेवरून खिएम क्षीणपणे हसला. "सांग की! डॉक्टर, ही पाहुण्यालासुद्धा आमच्याच संडासात बसवते. खत शेजाऱ्याकडे जायला नको."

"कुजवलेलं?"

"लावणीची घाई असते," थोआ पुटपुटली. "ताजंच घालतो."

क्वी यांनी चिमटा खाली ठेवला. "पोट उघडावं लागेल."

"पुन्हा? आणि काहीच नाही सापडलं तर?"

क्वी हात धुवायला वळले. खिएमला आत नेताना तिने त्याचे पाऊल धरून पाहिले. ते विहिरीच्या दगडासारखे गार होते. दार लागले. आत हत्यारे खणखणली की तिचा श्वास अडे, आणि आवाज थांबला की त्याहून अधिक अडे.

क्वी बाहेर आले तेव्हा त्यांचा अंगरखा कोपरापर्यंत लाल होता. खिएम जिवंत होता. रक्त थांबले होते.

जठर निर्दोष होते. ताज्या खतातली जंतांची अंडी कच्च्या रसातून खिएमच्या पोटात गेली होती. आतड्यात वाढलेला एक जंत पित्तनलिकेतून यकृतात चढला आणि तिथेच मेला. त्याच्याभोवती गळू झाले, गळवाने शेजारची धमनी पोखरली, आणि तिचे रक्त पित्तनलिकेत उतरत राहिले.